लेकींच्या जाण्याला रीत होती

२०१६ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला मोठा पूर आला आणि नदीच्या दोन काठांवरची सायखेडा आणि चांदोरी ही गावं पाण्याने वेढली. मी नाशिकला, धाकटा भाऊ हिंजवडीला, बहीण सासरी. आम्ही तिघं आळीपाळीने आईला फोन करत होतो. "पाणी ओट्याच्या खाली आहे, तुम्ही आपली कामं करा," एवढंच ती सांगे. पूर ओसरला, बाजारपेठेतला गाळ निघाला. घरात पाणी शिरलं नव्हतं, म्हणून आम्ही निश्चिंत झालो.

त्या हिवाळ्यात आईने हरिपाठाला जाणं सोडलं. मग बाजार सोडला. उन्हाळ्यात कुरडया केल्या नाहीत. विचारलं की म्हणे, "गुडघे धरलेत रे." रक्त तपासलं, कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या, गुडघ्यांचा फोटो काढला. एकदा मी सहज विचारलं, "आई, तुला करमत नाही का?" ती चिडलीच. "करमत नाही म्हणायला मी काय नवी नवरी आहे?"

तिच्या उत्तरात एक सामाजिक इतिहास दडलेला आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. 'करमत नाही' हे म्हणण्याचा अधिकार आपल्याकडे सासरी आलेल्या मुलीला होता आणि लेक सासरी गेल्यावर काही दिवस तिच्या आईला होता. म्हाताऱ्या माणसाला, आणि तेही मुलगे कामाधंद्याला लागले म्हणून, तो कधी मिळालाच नाही.

लेकीचं जाणं ही मराठी घरातली सर्वांत जुनी, ठरलेली ताटातूट. ती सोसता यावी म्हणून समाजाने केवढी व्यवस्था उभी केली होती! नवरीसोबत पाठराखीण जाई. लगेच मांडवपरतणं. पहिला दिवाळसण, पहिलं बाळंतपण माहेरी. नागपंचमीला, गौरींना, भाऊबीजेला मुराळी दारात उभा राही. म्हणजे आईला लेक पुन्हा केव्हा दिसणार, याची तिथी पंचांगात होती. या व्यवस्थेत जाचही होता. सासूने 'पाठवत नाही' म्हटलं की मुराळी रिकाम्या हाताने परते. पण ताटातुटीचं दुःख खरं आहे, ते बोलायचं असतं, हे सगळ्यांना मान्य होतं. बोलायची जागा होती जातं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. सासर-माहेर आणि मायलेकींचं नातं हा त्यातला केवढा तरी मोठा भाग. पिठाची गिरणी आली, बाईचे कष्ट वाचले, आणि पहाटे एकटीने मोकळं होण्याची ती जागाही गेली.

मुलाच्या जाण्याला अशी रीत घडली नाही, कारण गोदाकाठी मुलगा जातच नसे. कोकणातले मुलगे मुंबईच्या गिरण्यांत गेले आणि मागे मनीऑर्डरीची वाट पाहणारी गावं राहिली. आमच्या निफाड तालुक्यात नदी होती, काळी जमीन होती, विहिरी होत्या. पुढे ऊस, द्राक्षं आणि कांदा आला. मुलगा वेगळा निघाला तरी भिंतीपलीकडे राही. भांडणं होत, वाटण्या होत, पण म्हातारा रोज सकाळी कुणाला तरी काम सांगत असे.

बदल टप्प्याटप्प्याने झाला. नाशिकला १९१४ मध्ये स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजाने शेतकऱ्यांच्या घरांत शाळा नेली. १९६० च्या दशकात सातपूरची औद्योगिक वसाहत आणि ओझरचा विमान कारखाना उभा राहिला. पण हे कामगार संध्याकाळी घरी परतू शकत. खरी फारकत झाली ती १९८३ नंतर. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि द्राक्षाच्या पैशातून मुलाला इंजिनिअर करणं शेतकऱ्याच्या आवाक्यात आलं. त्या शिक्षणाला साजेशी नोकरी सायखेड्यात नव्हती. ती पुण्यात होती, नंतर बंगळुरात, नंतर परदेशात. तोवर जमिनीचे तुकडे झाले होते, कांद्याच्या भावाचा भरवसा नव्हता, आणि शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळेना. "शीक आणि बाहेर पड" हे आईबापांनीच सांगितलं. म्हणून मुलगा गेल्यावर रडणं म्हणजे स्वतःच्याच यशावर रडणं झालं.

शहरी मध्यमवर्गाने हा प्रसंग आधी पाहिला. अमेरिकेने १९६५ मध्ये स्थलांतराचा कायदा बदलला आणि डॉक्टर-इंजिनिअरांना दार उघडलं. १९७० च्या दशकात जयवंत दळवींचं 'संध्याछाया' रंगभूमीवर आलं. एक मुलगा अमेरिकेत, दुसरा सैन्यात, आणि घरात दोघं म्हातारी. त्याच्या थोडं आधी, १९७० च्या अखेरीस, शिरवाडकरांचं 'नटसम्राट' आलं होतं. पिंपळगाव बसवंतला बालपण गेलेले शिरवाडकर आमच्याच तालुक्याचे. 'नटसम्राट'मधला म्हातारा मुलांच्या घरात राहून दुखावतो; 'संध्याछाया'तले नाना-नानी मुलं घरात नाहीत म्हणून खचतात. आपण मात्र दुसऱ्या दुःखालाही पहिल्याचंच नाव देत आलो: मुलं वाईट निघाली. 'संध्याछाया'तली मुलं वाईट नाहीत. तीच त्यातली अवघड गोष्ट आहे.

कायद्यानेही दोष शोधण्याचीच वाट धरली. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने वृद्ध आईबापांचं पोषण मुलांवर बंधनकारक केलं. २००७ च्या कायद्याने त्यासाठी न्यायाधिकरण आणि महिना दहा हजार रुपयांपर्यंतच्या निर्वाहाची तरतूद केली. ज्यांना घराबाहेर काढलं जातं त्यांना या कायद्यांचा आधार आहेच. पण ज्या आईच्या खात्यात दर महिन्याला पैसे येतात आणि तरी तिला उठावंसं वाटत नाही, तिची तक्रार कुठल्या रकान्यात बसवायची?

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या पंचेचाळीस वर्षांवरच्या बहात्तर हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. साठीपुढच्या माणसांत लक्षणांवरून नैराश्याची शक्यता ८.३ टक्क्यांत दिसली. डॉक्टरांनी तसं निदान केल्याचं सांगणारे मात्र एक टक्काही नव्हते. बायकांत, खेड्यांत आणि एकट्या राहणाऱ्यांत प्रमाण जास्त होतं. याचा अर्थ मुलं गेली की नैराश्य येतंच, असा नाही. पुष्कळांना मोकळं वाटतं. वैधव्य, आजारपण, हातात पैसा नसणं यांचा भार मोठा असतो. माझे वडील जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, आणि शेत आम्ही वाट्याने दिलं होतं. आईकडून सगळ्यांच्या जाण्याबरोबर तिचं कामही गेलं होतं.

अखेर एका मानसोपचारतज्ज्ञांनी तिला पंधरा साधे प्रश्न विचारले. ही प्रश्नावली १९८० च्या दशकात अमेरिकेत जेरोम येसावेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खास वृद्धांसाठी तयार केली. तिच्यात दुखण्याखुपण्याचे प्रश्न मुद्दाम वगळले आहेत, कारण म्हातारपणी अंग दुखायला हजार कारणं असतात. आमच्या आया मात्र फक्त दुखण्याखुपण्याचंच बोलतात. त्यातला एक प्रश्न जवळजवळ असा आहे: तुम्हाला बरेचदा कंटाळा येतो का? डॉक्टरांनी तो मराठीत विचारला, "आजी, करमतं का?" आई गप्प बसली, आणि मग बराच वेळ बोलली. गुडघ्यांचं नाव तिने घेतलं नाही.

गोळ्या सुरू झाल्या. दीड-दोन महिन्यांत झोप आणि भूक परतली. ते औषधाचं काम. पण डॉक्टरांनी आम्हाला आणखी एक गोष्ट सांगितली: "वेळ मिळाला की येऊ, असं त्यांना सांगू नका. दिवस सांगा." हे ऐकताना मला मुराळी आठवला. दिवाळीला तो येणार, हे माहीत असे म्हणून आई आषाढ काढू शके. आमच्या फोनांना तिथी नव्हती.

आता दर महिन्याचा दुसरा शनिवार माझा आणि चौथा भावाचा. आईच्या भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या तारखांभोवती पेनाने गोल आहेत. कांद्याच्या चाळीचा हिशोब तीच ठेवते, आणि वाटेकऱ्याने काही लपवलं तर आम्हाला शनिवारपर्यंत थांबावं लागत नाही, फोन तिचाच येतो. गेल्या महिन्यात काम निघालं म्हणून माझा शनिवार चुकला. रविवारी फोन केला तर म्हणाली, "काल करमलं नाही."

तिने ते म्हटलं, याचं मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.