साल, सार आणि साखर

बिबल्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्री पाणी भरून ठेवायचे आणि तांबूस झालेले ते पाणी सकाळी अनशापोटी प्यायचे. दालचिनीची पूड कोमट पाण्यातून घ्यायची. मधुमेहाचे निदान झाले की असे सल्ले घरी चालत येतात. त्यामागचा पूर्वपक्ष असा: ही झाडे प्रमेहावर शतकानुशतके वापरात आहेत, गोळी म्हणजे रसायन, साल म्हणजे निसर्ग, आणि गुण नाही आला तरी अपाय तर नाही!

परंपरेचा दाखला खोटा नाही. सुश्रुतसंहितेच्या सालसारादी गणात असन, म्हणजे आपला बिबला, येतो आणि तो गण प्रमेहहर म्हटला आहे. पण त्याच सुश्रुताने प्रमेही माणसाला भरपूर चालायला आणि अंगमेहनत करायला लावले आहे. पेला घेणारे तेवढे सोडून देतात.

पुरावा म्हणून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची विजयसाराची, म्हणजे याच बिबल्याची, चाचणी नेहमी पुढे केली जाते. तिचा अहवाल 1998 साली प्रसिद्ध झाला. मधुमेहाचे नुकतेच निदान झालेल्या 97 रुग्णांपैकी 67 जणांची साखर बारा आठवड्यांत आटोक्यात आली, हे खरे. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि निदानाच्या धसक्याने माणसाचे खाणेपिणे बदलतेच. त्याहून महत्त्वाचा आकडा क्वचितच कोणी सांगतो. उपाशीपोटीची साखर सरासरी 151 वरून 32 ने उतरली. पण तीन महिन्यांची सरासरी दाखवणारे एचबीए1सी 9.8 वरून जेमतेम 9.4 वर आले. आजच्या हिशेबाने 9.4 म्हणजे सरासरी साखर 220 च्या आसपास. त्या काळी ही चाचणी आजच्याइतकी प्रमाणित नव्हती, हे धरले तरी एवढ्यावर ‘मधुमेह बरा होतो’ असे म्हणणे त्या संशोधकांवरही अन्याय आहे. शिवाय त्यांनी दिला तो मोजून घेतलेला अर्क होता, दोन ते चार ग्रॅम. पेल्यातल्या पाण्यात किती उतरते, हे कोण मोजतो? रोज पाणी भरून लाकडातला अर्क कमी कमी होत जातो.

दालचिनीची गोष्ट याहून बोलकी. 2003 साली पाकिस्तानातल्या 60 रुग्णांवर झालेल्या प्रयोगात चाळीस दिवसांत उपाशीपोटीची साखर 18 ते 29 टक्क्यांनी उतरली. मात्र एक ग्रॅम घेणाऱ्यांना आणि सहा ग्रॅम घेणाऱ्यांना जवळपास सारखाच गुण आला. तिथेच शंका यायला हवी होती. पुढे 2012 साली कॉक्रेनच्या समीक्षकांनी दहा चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा दालचिनीची शिफारस करावी इतका पुरावा मिळाला नाही. ‘अपाय नाही’ हेही खरे नव्हे. बाजारातली स्वस्त, जाड दालचिनी बहुधा कॅशिया असते. तिच्यात कूमारिन असते आणि ते रोज चमचाभर पोटात गेले तर काहींच्या यकृताला बाधते.

आता निसर्ग आणि रसायन हा भेद. 1835 साली बेल्जियमच्या रसायनज्ञांनी सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीतून फ्लोरिझिन वेगळे केले. 1886 साली फॉन मेरिंग यांना दिसले की ते दिल्यावर लघवीतून साखर जाते. मूत्रपिंड गाळलेली साखर रक्तात परत घेते, ती वाट हे द्रव्य अडवते. तरी ही साल मधुमेहाचे औषध झाली नाही. फ्लोरिझिन आतड्यातच मोडते, रक्तात फारसे पोहोचत नाही आणि जुलाब करते. त्याची रचना बदलत बदलत डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधे घडली. आज लाखो लोक रोज घेतात त्या गोळीची पूर्वज एक साल आहे. मेटफॉर्मिनचे कूळही गॅलेगा नावाच्या युरोपीय वनस्पतीपर्यंत जाते. सालीला मी कमी लेखत नाही. तिला कसोटीतून सूट देण्याला माझा विरोध आहे.

ही सूट रुग्णाला महागात पडते. कोणी काढ्याच्या भरवशावर गोळ्या, इन्सुलिन बंद करतो. कोणी ग्लिमेपिराइडसोबत काढा घेतो आणि साखर उतरून घामाघूम होतो. डॉक्टर रागावतील म्हणून काढ्याची गोष्ट लपवली जाते, तेव्हा डॉक्टरही चुकीच्या अंदाजावर डोस ठरवतात. कोणता काढा चालू आहे, हे त्यांनी स्वतःहून आणि न रागावता विचारले पाहिजे.

विजयसाराला न्याय द्यायचा तर त्याचा प्रमाणित अर्क घ्यावा, रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी करावी, दुसऱ्या गटाला मेटफॉर्मिन द्यावे आणि निदान सहा महिने एचबीए1सी मोजावे. ही मागणी आयुर्वेदाच्या अभिमान्यांनीच सर्वांआधी लावून धरायला हवी.