चित्रपटातील वास्तू आणि स्त्रीचे स्थान : खालापुरातील एका नेपथ्याचा विचार

चित्रपटातील ऐतिहासिक वास्तू मूळ वास्तूशी कितपत जुळते, एवढाच प्रश्न सामान्यतः विचारला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाने आणखी एक प्रश्न विचारावयास हवा. त्या वास्तूत स्त्रीला कोणती जागा दिली आहे, आणि ती कोणत्या काळाने दिली आहे?

कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ साली उभारलेला चित्रपटनिर्मितीचा तळ कर्जतच्या नावाने ओळखला जातो. वस्तुतः तो खालापूर तालुक्यात चौक गावानजीक आहे. आशुतोष गोवारीकर यांच्या ‘जोधा अकबर’ (२००८) या चित्रपटासाठी आग्र्याच्या किल्ल्याची प्रतिकृती येथेच उभी राहिली. दरबार अकबराचा, जोधेच्या वाट्याला प्रामुख्याने महाल, देवघर आणि मुदपाकखाना. ती तलवारीचे दोन हात करते हे खरे. तथापि सासरची मने ती जिंकते ती स्वहस्ते रांधूनच.

आता ‘आईन-इ-अकबरी’तील मुदपाकखाना पाहावा. तेथे अधिकारी आहेत, पदार्थ चाखून मोहोरबंद करण्याची शिस्त आहे. तो राज्यकारभाराचा एक विभागच होय. चित्रपटातील चूल मोगलांची नसून, पतीसाठी रांधणाऱ्या सुनेचा आदर्श मानणाऱ्या आपल्या मध्यमवर्गीय घराची आहे.

ज्या आमेरच्या राजकन्येवर ही भूमिका बेतली आहे, ती पुढे मरियम-उझ-झमानी या किताबाने प्रसिद्धीस आली. तिच्या नावाने हुकूम निघत. तिचे ‘रहीमी’ हे जहाज पोर्तुगिजांनी १६१३ साली पकडले, आणि त्यावरून जहांगीर व पोर्तुगीज यांच्यात उघड वैर उद्भवले. चित्रपटाचा काळ विवाहानंतरच्या आरंभीच्या वर्षांचा असल्याने त्यात जहाज नसणे क्षम्य आहे. परंतु पुढे समुद्रव्यापार करणाऱ्या स्त्रीची ओळख प्रेक्षकाला स्वयंपाकघरातून व्हावी, ही निवड इतिहासाची नव्हे, आपली आहे.

याच जिल्ह्यातील एक जुने उदाहरण तुलनेस घेण्याजोगे आहे. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून जब्बार पटेल यांनी केलेला ‘जैत रे जैत’ (१९७७) शेजारच्या पनवेल तालुक्यातील कर्नाळ्याच्या परिसरात घडतो. त्याचे नेपथ्य म्हणजे डोंगर, रान आणि ठाकरवाडी. नको असलेला नवरा सोडून नाग्याला वरणारी चिंधी बहुतांशी उघड्यावरच वावरते. ठाकर समाजात स्त्रीला दुःख नव्हते, असा याचा अर्थ नव्हे. या कथेचा शेवटही तिच्या मृत्यूनेच होतो. परंतु श्रमाची जागा स्त्री-पुरुषांची सामाईक असली, की निर्णयाचा उच्चार करण्यास तिला आडोसा शोधावा लागत नाही, एवढे त्यावरून दिसते.

सारांश, नेपथ्य हे दाखविलेल्या काळाचे नव्हे, तर दाखविणाऱ्या काळाचे साधन होय. ते तसे वाचले नाही, तर पुढील पिढी आपलीच घरे मोगलांची म्हणून शिकेल.