एकवीस मिलिमीटर

नऊ हजार वर्षांपूर्वीचा नेपाळ. बकैया नदीत तुम्ही गुडघाभर पाण्यात उभे आहात. दक्षिणेला सपाट तराई, उत्तरेला चुरिया डोंगर. पायांखाली, खोलवर, उत्तरेकडे तिरका उतरत गेलेला भ्रंश आहे. हिमालय याच भ्रंशावरून भारताच्या मैदानावर चढतो. पूर ओसरतो आणि गाळात कोळशाचा एक तुकडा गाडला जातो. तो ध्यानात ठेवा.

जागा सोडू नका. शतकामागून शतक जाते, जमीन ढिम्म हलत नाही. मग एकाच हिसक्यात ती काही मीटर वर उचलली जाते. नदी तळ खोदून आपली पातळी पुन्हा गाठते. तुम्ही उभे आहात तो जुना तळ पायरीसारखा वरच राहतो. असे कितीतरी हिसके बसतात. आता तुम्ही कोरड्या उंचवट्यावर आहात, पण पायांखाली गोटे नदीतलेच, गुळगुळीत.

७ जून १२५५. काठमांडूच्या खोऱ्यातली सुमारे एक तृतीयांश माणसे भूकंपात दगावतात, राजा अभय मल्लही वाचत नाही. १५ जानेवारी १९३४, संक्रांतीचा दुसरा दिवस, दुपारची वेळ. नेपाळ आणि बिहार हादरतात. पूर्वेकडे सिर खोला इथे या दोन्ही भूकंपांत जमीन फाटल्याच्या खुणा पुढे भूवैज्ञानिकांना सापडतील.

विसाव्या शतकाच्या अखेरीस भूवैज्ञानिक जेरोम लावे आणि जाँ-फिलिप अव्वाक बकैयाकाठच्या या पायऱ्यांची उंची मोजतात. गाळातल्या कोळशाचे वय कार्बन-१४ सांगतो. उंचीला वयाने भागले की जमीन उचलली जाण्याचा वेग मिळतो; भ्रंश किती कललेला आहे ते त्यात धरले की सरकण्याचा वेग. २००० साली प्रसिद्ध झालेले उत्तर : वर्षाला २१ मिलिमीटर, दीड मिलिमीटर इकडेतिकडे.

२५ एप्रिल २०१५. ७.८ तीव्रतेचा भूकंप नेपाळात जवळपास नऊ हजार बळी घेतो. तुम्हालाही हादरा जाणवतो, पण डोंगराच्या पायथ्याशी जमीन फाटत नाही. भ्रंशाची फाटत आलेली कड काठमांडूच्या खालीच थांबली आहे. पुढचा भाग अजून अडकलेलाच आहे.

म्हणून २१ मिलिमीटर ही सरासरी आहे, रोजची चाल नव्हे. वर्षानुवर्षांची थकबाकी भ्रंश एकदमच फेडतो. पश्चिम नेपाळात १५०५ नंतर महाभूकंपाची नोंद नाही. तिथे वर्षाला दोनच सेंटिमीटर धरले, तरी साचलेली बाकी दहा मीटर होते.