‘आधी प्लेसमेंट, मग बाकीचं’: एक उत्तर

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने ज्युनियर्सना शिकवायला घेतलं, वस्तीतल्या अभ्यासिकेत जाऊ लागला, वर फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन कलास्पर्धेच्या तालमींनाही उभा राहिला, की घरून आणि कॉलेजातून एकच सल्ला मिळतो: आधी प्लेसमेंट, मग बाकीचं. हा सल्ला मायेपोटीच दिला जातो. शैक्षणिक कर्जाचा हप्ता खरा असतो आणि दिवसाचे तास मोजकेच. म्हणून त्याला गंभीरपणे उत्तर दिलं पाहिजे.

या सल्ल्यामागचं गृहीतक असं, की शिकवणं, लोकांत मिसळणं आणि कला या विषयाबाहेरच्या गोष्टी आहेत. या विद्याशाखेचा इतिहास नेमकं उलट सांगतो. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ यांनी १९६४ मध्ये ‘बेसिक’ ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणली, ती विज्ञान न शिकणाऱ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून. आणि त्यामागची, एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरू देणारी टाइम-शेअरिंग प्रणाली उभारण्यात पदवीच्या विद्यार्थ्यांचा मोठा हात होता. प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाम यांनी १९८७ मध्ये ‘मिनिक्स’ ही ऑपरेटिंग सिस्टिम प्रसिद्ध केली, तीही हा विषय शिकवण्यासाठीच. त्यांचं पुस्तक वाचून, मिनिक्सवरच काम करत, हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स ही स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला घेतली आणि अनोळखी लोकांच्या दुरुस्त्या स्वीकारत ती वाढवली. शिकवणं आणि समाज वगळले तर लिनक्सच्या जन्मकथेत फारसं काही उरत नाही.

कलेचं काय? संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ ऑर्गन वाजवतात. आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची छपाई डोळ्यांना खुपली, म्हणून १९७७ मध्ये त्यांनी ‘टेक’ ही अक्षरजुळणीची प्रणाली हाती घेतली आणि वर्षानुवर्षं तिच्यात घालवली. अक्षराच्या वळणाची ती आच होती. पुढे त्याच पायावर फ्रान्स वेल्टहाउस यांनी टेकसाठी देवनागरी घडवली.

‘ते असामान्य होते’ हा आक्षेप येणारच. मग साध्या वर्गातलंच पाहू. लिंक्ड लिस्ट उलटी करायचा प्रोग्राम पाठ असलेली मुलं पुष्कळ असतात. पण दुसऱ्या वर्षाची मुलगी विचारते, ‘दादा, पुढच्या नोडचा पत्ता आधी जपून ठेवला नाही तर काय होईल?’ तेव्हा पाठांतर कामी येत नाही; फळ्यावर चौकोन आणि बाण काढून यादी कुठे तुटते ते दाखवावं लागतं. मुलाखतीत वेगळं काय विचारतात?

किंमत मात्र मोजावी लागते, हे पूर्वपक्षाचं म्हणणं मला मान्य आहे. १९८८ मध्ये विद्यापीठात दाखल झालेल्या टोरवाल्ड्सला पदव्युत्तर पदवी मिळायला १९९६ उजाडलं. त्यात लष्करी सेवेचेही महिने होते. सगळ्यांना एवढी उसंत परवडणार नाही. परीक्षा जवळ आल्या की तालमी थांबवाव्यात, अभ्यासिकेची पाळी मित्राला द्यावी. ज्युनियर्सचा तास मात्र मोडू नये, कारण स्वतःची उजळणी त्याच तासाला होते.