रुप्याच्या नाण्यांवरील झांक व त्यांची प्रतवारी

जुन्या रौप्यमुद्रांच्या संग्राहकांत दोन पंथ दिसून येतात. एकास नाणें पांढरेंशुभ्र हवें असतें. दुसरा, कालमानानें ज्यावर सोनेरी, जांभळी वा निळी झांक चढली आहे, अशा नाण्यास अधिक मोल देतो. या झांकेसच हल्लीं 'टोनिंग' असें म्हणतात. तिच्यामुळें नाण्याची प्रत वाढते कीं घटते, हा प्रश्न वरवर पाहतां आवडीनिवडीचा वाटतो. वस्तुतः तो पुराव्याचा आहे, असें आमचें मत आहे.

पाणिनीनें (५.२.१२०) 'रूप्य' हा शब्द 'रूप' यापासून दोन अर्थीं साधला आहे. एक आहत, म्हणजे ठोकून उमटविलेलें रूप. दुसरा प्रशंसा, म्हणजे वाखाणण्याजोगें रूप. संग्राहकांचा बहुतेक घोटाळा या दोन रूपांची गल्लत करण्यांतून होतो. ठसा हें टांकसाळीचें काम. झांक हें काळाचें व नाणें जेथें राहिलें त्या जागेचें. अर्थशास्त्रांतील रूपदर्शक नाणीं पारखी तीं व्यवहारासाठीं, आणि त्याच ग्रंथांत उत्तम रुप्याचीं लक्षणें पांढरेपणा, स्निग्धता व मृदुता हीं सांगितलीं आहेत. पेठेंतील सराफही वजन, कस व नाद पाही. झांकेची आवड ही सर्वस्वीं संग्राहकांची आहे.

झांक उत्पन्न कशी होते, हें पाहिलें म्हणजे पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. हवेंतील गंधकयुक्त वायूशीं रुप्याचा संयोग होऊन पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा पापुद्रा धरतो. तो प्रथम इतका पातळ असतो कीं, दिसणारा रंग त्याचा स्वतःचा नसतो. पापुद्र्याच्या वरच्या व खालच्या पृष्ठावरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून तो भासतो. पाण्यावरील तेलाच्या तवंगाचे रंग याच जातीचे होत. पापुद्रा जाड होत जातो तसा प्रथम पिवळा, मग तांबूस-जांभळा, मग निळा असा क्रम लागतो. हिरवा रंग पुढच्या आवर्तनांत येतो आणि शेवटीं सर्व काळवंडतें. पारख्यानें हा क्रम पाठच करून ठेवावा. गंधकाच्या द्रावणांत बुडवून किंवा तापवून असले रंग आणणारे कारागीर पुष्कळ आहेत. जेथें मधली पायरी गाळून एकदम पुढचा रंग येतो, अथवा ताज्या ओरखड्याच्या आंतही रंग बाहेरच्याइतकाच गडद दिसतो, तेथें संशय धरावा.

स्वाभाविक झांकेचा प्रसिद्ध नमुना अमेरिकेंतील मॉर्गन डॉलरांचा आहे. हे डॉलर १८७८ ते १९०४ व पुन्हा १९२१ सालीं पाडले गेले. त्यांपैकीं पुष्कळसे सरकारी तळघरांत, हजार-हजारांच्या जाड कापडी थैल्यांत, दशकानुदशकें पडून होते; १९६० नंतरच्या तीन-चार वर्षांत ते लोकांच्या हातीं आले. थैलीच्या कापडास टेकलेल्या बाजूवर रंग चढला, आणि शेजारच्या नाण्यानें जेवढा भाग झांकला होता, तेवढा चंद्रकोरीसारखा पांढरा राहिला. अर्थात् तें नाणें थैलींत कसें पडलें होतें, हें आजही वाचतां येतें. हाच तो पुरावा! पुढें मात्र या रंगांचा बाजार झाला. शेल्डन यानें १९४९ सालीं तांब्याच्या सेंटांसाठीं बसविलेली १ ते ७० अशी श्रेणी रुप्यासही लागू करण्यांत आली. १९८६ नंतर नाणीं पारखून प्लॅस्टिकच्या डबींत मोहोरबंद करणाऱ्या कंपन्या निघाल्या, आणि नेत्रसुख हेंही प्रतीचें एक अंग ठरलें. जेथें रंगास दाम मिळतो, तेथें रंगारी उत्पन्न व्हावयाचेच.

आपल्याकडील अनर्थ उलट प्रकारचा आहे. १८३५ पासूनच्या रुपयाचें वजन १८० ग्रेन व त्यांत बारांपैकीं अकरा भाग रुपें. हे राणीछाप रुपये घरोघर लक्ष्मीपूजनास निघतात, आणि पूजेपूर्वीं राखेनें वा रांगोळीनें लखलखीत घासले जातात. भाविकाचें सोडा, विकणाराही आम्लांत बुडवून नाणें 'उजळ' करून आणतो. ठसा बसतांना धातु कांठाकडे सरकून ज्या अतिसूक्ष्म रेषा उमटतात, त्यांवर टांकसाळीची मूळ चकाकी अवलंबून असते; आम्ल पापुद्र्याबरोबर त्याही खातें. १८६२ नंतर अनेक वर्षें पाडलेल्या रुपयांवर १८६२ हेंच साल आहे, व मुंबईच्या टांकसाळींतील त्यांचें खरें वर्ष बारीक ठिपक्यांवरून ठरवावें लागतें. घासण्यानें तेही झिजतात.

भूमिगत ठेव्यांचा विचार निराळा करावा. १९०६ सालीं नाशिकजवळ जोगळटेंभी येथें नहपानाचीं सुमारें १३,२५० रौप्यनाणीं सांपडलीं. त्यांपैकीं दोनतृतीयांशाहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हा मारलेला होता. अशा नाण्यावर दोन राजांचीं रूपें एकावर एक असतात, आणि घासणारा हात खालच्या ठशाच्या अंधुक रेषाच प्रथम पुसतो. जमिनींतील नाण्यावर क्षारांचें व तांब्याच्या हिरव्या गंजाचें कवच येतें. तें झांक नव्हे. प्रसंगीं काढावेंही लागतें, पण तें काम शिकलेल्या हातांचें आहे.

प्रतवारी करतांना प्रथम ठशाचा उठाव, मग झीज, मग पृष्ठभागाची अखंडता व सर्वांच्या शेवटीं झांक पाहावी. सारख्या प्रतीच्या दोन नाण्यांत झांकेनें निवड करण्यास हरकत नाहीं. खालच्या प्रतीचें नाणें तिच्या बळावर वर चढवूं नये. अक्षरें झांकून टाकणारा दाट काळिमा हा दोषच समजावा, पण घासलेल्या पांढऱ्या नाण्यापेक्षां तो कमी दोष होय. पोथीसंग्राहकांस हें वेगळें सांगणें नको. फिकट अक्षरें नव्या शाईनें गिरविलेली पोथी वाचावयास सोपी; तिच्यावर विश्वास कोण ठेवील?

नाणीं लोंकर, रबर वा साध्या पुठ्ठ्याच्या सान्निध्यांत ठेवूं नयेत. त्यांतून गंधक सुटतो. कपाट ओकच्या लांकडाचें नसावें, महोगनीचें चालेल. कोंकणांतील दमट हवेंत अधिक जपावें. नाणें ज्या फडक्यांत वा कागदांत मिळालें, त्याची नोंद वहींत करावी. तो कागद नाण्यापासून दूर, पण जपून ठेवावा. त्यावर एखाद्या सराफाच्या मोडी ओळीही असूं शकतील.