माजी सैनिकांसाठी बहुशाखीय कर्करोग उपचार (अमेरिका)

बहुशाखीय कर्करोग उपचार ही अमेरिकेच्या माजी सैनिक व्यवहार विभागाच्या रुग्णालयांत अवलंबली जाणारी पद्धत आहे. तीत विविध शाखांचे तज्ज्ञ एकत्रितपणे रुग्णाच्या उपचारांची दिशा ठरवतात.

पार्श्वभूमी

व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्याने १९६२ ते १९७१ या काळात एजंट ऑरेंजसह अनेक तणनाशके फवारली. पुढे इराक व अफगाणिस्तानातील लष्करी तळांवर उघड्या खड्ड्यांत कचरा जाळला जाई. १९९१ चा एजंट ऑरेंज कायदा आणि १० ऑगस्ट २०२२ रोजी लागू झालेला पॅक्ट कायदा यांमुळे अशा संपर्कानंतर उद्भवणारे ठरावीक कर्करोग लष्करी सेवेशी निगडित मानले जातात. त्यांबाबत रुग्णाला कार्यकारणसंबंध स्वतः सिद्ध करावा लागत नाही.

कार्यपद्धती

‘ट्यूमर बोर्ड’ या बैठकीत शल्यचिकित्सक, कर्करोगतज्ज्ञ, किरणोपचारतज्ज्ञ, क्ष-किरणतज्ज्ञ व विकृतिशास्त्रज्ञ एकेका रुग्णाचे अहवाल तपासतात. उदाहरणार्थ, फुफ्फुसाच्या प्रारंभिक कर्करोगात शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांपैकी काय योग्य, हे रुग्णाची श्वसनक्षमता व इतर आजार पाहून ठरते. परिचारिका-समन्वयक तपासण्यांच्या तारखा जुळवतात. समाजसेवक प्रवास व निवासाची, तर मानसोपचारतज्ज्ञ युद्धोत्तर मानसिक आघाताची दखल घेतात. २०१६ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाद्वारे गाठींची जनुकीय चाचणीही उपलब्ध आहे.

आव्हाने

अनेक माजी सैनिक ग्रामीण भागात, तज्ज्ञांपासून दूर राहतात. दूरदृश्य सल्लासेवेने हे अंतर काही अंशी भरून निघते; मात्र किरणोपचार व शस्त्रक्रियेसाठी प्रवास अटळ असतो. बाहेरील रुग्णालयात उपचार झाल्यास अहवालांची देवाणघेवाण रखडून उपचार लांबू शकतात. त्यामुळे समन्वयकाची भूमिका निर्णायक ठरते.