पास्काचा रविवार आणि तियात्राचा जन्म

१७ एप्रिल १८९२ हा दिवस पुनरुत्थानाचा रविवार होता. त्या दिवशी मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात ‘इटालियन भुरगो’ या नावाचा कोंकणी खेळ झाला. खेळ करणाऱ्या मंडळीचे नाव ‘गोवा पोर्तुगीज ड्रॅमॅटिक कंपनी’ असे भारदस्त होते. प्रत्यक्षात ती पोटापाण्यासाठी मुंबईस आलेल्या मूठभर गोवेकर तरुणांची हौशी जमवाजमव होती. तियात्र या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या रंगभूमीचा जन्मदिवस म्हणून हाच दिवस मानला जातो. नाट्यसृष्टीत इतकी नेमकी जन्मतिथी क्वचितच सापडते. ती तिथी पास्काच्या सणाची आहे याकडे मात्र आपल्या लोकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. त्याकडे लक्ष वेधावे, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम त्या रविवाराविषयी. राखेच्या बुधवारापासून पास्कापर्यंतचे दिवस प्रायश्चित्ताचे. त्या काळात लग्ने नाहीत, वाद्ये नाहीत, नाचगाणे नाही, अशी शिस्त त्या पिढीच्या अंगवळणी पडलेली होती. मग खेळ करायचा तर केव्हा? शुभ शुक्रवारचे मौन संपल्यावर, पुनरुत्थानाची मिस्सा झाल्यावर. त्यातच ब्रिटिश अमदानीत मुंबईच्या कचेऱ्या व पेढ्या शुक्रवार ते सोमवार अशा जोडून बंद असत. तीन-चार दिवसांत गावी जाऊन परतणे त्या काळी सोपे नव्हते. मुरगाव बंदराला कॅसलरॉकशी जोडणारा लोहमार्ग नुकताच, १८८८ च्या सुमारास, सुरू झालेला; एरवी भिस्त आगबोटीवर. म्हणजे सणाचे दिवस आहेत, हातात थोडी सवड आहे, घर दूर आहे आणि चाळीस दिवस मन आवरून धरलेले आहे. अशा माणसांना आपल्या बोलीतला खेळ कोणी दाखवील तर ते येणारच. हा दिवस निवडताना त्या तरुणांनी हाच हिशेब केला असावा, असे मानणे मला सयुक्तिक वाटते.

ही माणसे राहत होती कुठे, हेही पाहिले पाहिजे. धोबीतलाव, काव्हेल, डाबूल, माझगाव या भागांत गोव्याच्या गावागावांचे ‘कूड’ होते. एका गावच्या लोकांनी भाड्याची जागा घ्यायची, भिंतीशी प्रत्येकाची लाकडी पेटी, जमिनीवर पथाऱ्या, आणि समोर गावच्या आश्रयदात्या संताची वेदी. रात्री सर्वांनी मिळून रोझरी म्हणायची, वर्षाकाठी गावच्या संताचा सण करायचा. जहाजावर चढण्यापूर्वी थांबलेले खलाशी, साहेबांच्या घरचे आचारी व बटलर, बँडवाले, शिंपी, नोकरीच्या शोधात आलेली पोरे, असे सगळे एका छपराखाली. समाजशास्त्रज्ञ याला स्थलांतरितांची संस्था म्हणतील. मला ती छोटीशी धर्मग्रामे वाटतात, ज्यांना धर्मगुरू नेमलेला नव्हता. तियात्राचा पहिला प्रेक्षक या कुडांतून आला, आणि पुढेही अनेक वर्षे येत राहिला.

लुकाझिन रिबैरो हा आसगावचा. मुंबईत आलेल्या एका इटालियन मंडळीचा संगीत खेळ पाहून तो भारावला, त्या मंडळीत पडद्यामागचे काम पत्करून तिच्याबरोबर फिरला, आणि परतताना तिच्याकडचे काही वापरलेले पोशाख विकत घेऊन आला, असे सांगितले जाते. काएतानिन फेर्नांदिस आणि मडगावच्या बोर्डा भागातला जुआंव आगुश्तीन फेर्नांदिस हे त्याचे साथीदार. जुआंव आगुश्तीन तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा होता. ‘इटालियन भुरगो’ हे रूपांतर होते. स्वतंत्र कथानकाचे तियात्र लिहिले ते याच तरुणाने, १८९५ साली. पुढे अर्धशतक त्याने लेखन केले. १९४७ मध्ये तो निवर्तला, आणि ‘पाय तियात्रिस्त’, म्हणजे तियात्राचा पिता, ही पदवी लोकांनी त्याला दिली ती कायमची.

आता एका आक्षेपाकडे वळतो. तियात्र म्हणजे परकी उसनवारी, इटालियन ऑपेराची कोंकणी नक्कल, असे म्हणणारे विद्वान आपल्याकडे आहेत. पोशाख उसने होते, नावही पोर्तुगीज शब्दावरून आलेले, हे खरेच. परंतु रक्त कुठले? गोव्यात इंत्रुजाच्या दिवसांत, म्हणजे राखेच्या बुधवाराआधीच्या तीन-चार दिवसांत, सासष्टी तालुक्यात ‘खेळ’ होत असत. गावकरी, त्यांत बहुतांश कष्टकरी वर्गातले, वाड्यावाड्यांतून फिरत, अंगणात उभे राहून ताशा-कर्ण्याच्या साथीने एखादी गोष्ट सादर करीत. त्या गोष्टीत भाटकार असे, त्याचा मुनीम असे, गावचा पाद्रीही असे. वर्षभर ज्याच्यापुढे मान खाली घालायची त्याची चार दिवस टिंगल करण्याची ती मुभा होती. शिवोलीला नाताळनंतरच्या पहिल्या सोमवारी रात्री होणारा जागर आजही हिंदू व ख्रिस्ती मिळून करतात. या परंपरा ऑपेरा मुंबईस येण्याच्या कितीतरी आधीच्या आहेत. रिबैरोला इटालियन खेळ पाहून जे सुचले ते सुचण्याजोगी जमीन तयार होती.

इथे आम्हां धर्मगुरूंच्या भूमिकेविषयी प्रांजळपणे लिहिणे भाग आहे. इंत्रुजाकडे चर्चने कधीच फारशा प्रेमाने पाहिले नाही. १५५६ साली इटलीतील मचेराता येथे इंत्रुजातील एका बीभत्स नाटकाला उतारा म्हणून येशूसंघीयांनी चाळीस तासांची आराधना आरंभिली आणि ती प्रथा जगभर गेली. नाटकाला उत्तर म्हणून बंदी न मागता त्यांनी दिवे, पुष्परचना आणि संगीत यांनी वेदी सजवली, हे मला नेहमीच शहाणपणाचे वाटत आले आहे. गोव्यात मात्र शहाणपणा नेहमीच टिकला नाही. १६८४ च्या फर्मानाने कोंकणी बोलण्यावरच गदा आणली. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या जाहीरनाम्याने लग्नसमारंभांतील ओव्या, वाद्ये, विधी यांच्यावर बंधने घातली. ज्या सासष्टीत १६१६ मध्ये राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओवीत छापले गेले, त्याच सासष्टीतील बायकांना पुढे लग्नात ओवी म्हणायला मनाई व्हावी, हा आपल्या इतिहासातील कटू भाग आहे. तो झाकून ठेवण्याने कोणाचे भले होणार नाही.

पण त्याच चर्चने दुसऱ्या हाताने काय दिले तेही पाहावे. गोव्यातील धर्मग्रामांना जोडलेल्या शाळांत ‘मेस्त’ मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवीत. हेतू गायनवृंद तयार करण्याचा होता. परिणाम असा झाला की, खेड्यातल्या गरीब घरातला मुलगा कागदावर लिहिलेले संगीत पाहताक्षणी वाजवू लागला. हीच मुले मुंबईत आली. पोलिसांच्या व पलटणीच्या बँडांत, मूकपटांच्या वाद्यवृंदांत, हॉटेलांत गेली, आणि नंतर हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत. सेबॅस्टियन डिसोझा किंवा अँथनी गोन्साल्विस यांची नावे आज चित्रपटसंगीताचे अभ्यासक आदराने घेतात. तियात्राच्या रंगमंचासमोर ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ड्रम घेऊन बसणारे वादक याच मुशीतले. मिस्सेसाठी शिकवलेले स्वर अशा रीतीने सुट्टीच्या संध्याकाळी तिकीट लावून ऐकले जाऊ लागले.

तियात्राची घडण मराठी प्रेक्षकाला प्रथम चमत्कारिक वाटते. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आले. म्हणजे संगीत नाटक तियात्राहून बारा वर्षांनी वडील. त्यात पद हे कथानकाच्या ओघात येते. शकुंतला गाते ती शकुंतला म्हणूनच. तियात्रात तसे नाही. सर्वसाधारणपणे सहा-सात ‘पडदे’, म्हणजे प्रवेश, आणि दोन पडद्यांच्या मधे ‘कांतारां’. पडदा पडतो, गायक पुढे येतो आणि गातो. त्याच्या गाण्याचा कथेशी संबंध नसतो. तो महागाईवर गाईल, मंत्र्यावर गाईल, सासू-सुनेवर गाईल, नाहीतर मेलेल्या आईवर गाऊन सभागृह रडवील. एकटा, दोघे, तिघे, चौघे, असे त्याचे प्रकार आहेत. प्रेक्षकाला कांतार आवडले तर तो पुन्हा म्हणायला लावतो आणि कथा खुशाल थांबून राहते. नाट्यशास्त्राच्या काटेकोर दृष्टीने हा दोष म्हणता येईल. मला तो इंत्रुजाचा वारसा वाटतो: गोष्ट गोष्टीच्या जागी, आणि चार शब्द सुनावण्याचा हक्क आपल्या जागी. पोर्तुगीज अमलाखाली गोव्यात खेळ करण्यापूर्वी संहिता सरकारी तपासणीस द्यावी लागे, यावरून राज्यकर्त्यांनाही त्या हक्काची धास्ती होती हे उघड आहे.

१९०४ सालच्या ‘भाटकारा’ या तियात्राविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. जमीनदाराकडून मुंडकारावर होणाऱ्या जुलमाचा विषय त्यात होता, आणि लेखक जुआंव आगुश्तीन हा स्वतः मुंबईत राहत असल्यामुळे तो गावच्या भाटकाराच्या हाताबाहेर होता. गोव्यात जे बोलता येत नव्हते ते मुंबईत रंगमंचावरून बोलले गेले, ही कुडातल्या लोकांच्या परागंदा आयुष्याची एक जमेची बाजू. दुसरे असे की, या खेळात लेखकाची पत्नी रेजिना फेर्नांदिस रंगमंचावर उभी राहिली. तियात्रातील ती पहिली स्त्री. त्यापूर्वी स्त्रीभूमिका पुरुषच करीत. बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले ते १९०५ मध्ये, आणि त्यानंतर मराठी रंगभूमीवर पुरुषांच्या स्त्रीभूमिकांचे वैभवशाली पर्व सुरू झाले, हे ध्यानात घेतले तर रेजिनाबाईंच्या धैर्याची कल्पना येते. कुलीन ख्रिस्ती स्त्रीने तिकीट लावलेल्या खेळात उभे राहावे, हे त्या काळी कुडातल्या रोझरीला बसणाऱ्यांच्या पचनी सहज पडले नसणार. आपल्या पाठ्यपुस्तकांत तिचे नाव नाही.

मराठी वाचकाला थोडे अवघड वाटेल असे एक प्रकरण आहे, पण ते टाळता येत नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित म्हणून वेगळे राहावे, असा प्रश्न होता. वेगळेपणाच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. या प्रचारात तियात्रिस्तांनी गावोगाव जाऊन कांतारांनी रान उठवले होते. आपल्यापैकी ज्यांना विलीनीकरण हवे होते त्यांना ते आवडणे शक्य नव्हते. तरीही, एका शहराच्या भाड्याच्या खोल्यांत जन्मलेली करमणूक पाऊणशे वर्षांत लोकांचे राजकीय मत घडवण्याइतकी बळकट होते, ही गोष्ट इतिहासकाराने नोंदवलीच पाहिजे. सन्मान मिळायला तिला त्यानंतरही थांबावे लागले. १९९२ साली तियात्राची शताब्दी साजरी झाली आणि त्याच वर्षी कोंकणीचा घटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला. मात्र गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यातील कोंकणी ही देवनागरीतील कोंकणी. तियात्राचे लेखन चालते ते रोमी लिपीत. त्यामुळे ज्या कलेने भाषा जागती ठेवली तिचीच लिपी कायद्याच्या उंबऱ्याबाहेर राहिली, ही तियात्रिस्तांची तक्रार आजही आहे, आणि मला ती रास्त वाटते.

सेमिनरीत उपासनाविधीचा इतिहास शिकताना एक गोष्ट आमच्या मनावर ठसवली जाई. रोमन साम्राज्याच्या अस्तानंतर युरोपातील नाटक लोपले, आणि पुन्हा उगवले ते वेदीपाशी, पास्काच्या पहाटे. दहाव्या शतकात मठांतून त्या पहाटेच्या प्रार्थनेत तीन साधू मरियांच्या भूमिकेत रिकाम्या कबरेकडे चालत जात, आणि देवदूत झालेला चौथा त्यांना, तुम्ही कोणाला शोधता, असे विचारी. सुमारे ९७० साली इंग्लंडमधील विंचेस्टरच्या बिशप एथेलवोल्ड यांच्याशी निगडित नियमावलीत या प्रसंगाच्या हालचालींच्या तपशीलवार सूचना आहेत. ‘इटालियन भुरगो’चा या प्रार्थनेशी काही संबंध आहे असा माझा दावा नाही. पण उपासकाळाची शिस्त पाळणाऱ्या समाजात रंगभूमीला पास्काच्याच दिवशी उमलावेसे वाटते, हे दोनदा घडले आहे एवढे खरे.

मुंबईतील चित्र आज पालटले आहे. कुडांपैकी बरेच बंद पडले, काहींच्या जागा गेल्या. जे उरले त्यांत पेट्या आहेत आणि माणसे कमी. तियात्राचे केंद्र गोव्यात सरकले. १९७० नंतर इंत्रुजातील जुना खेळही रंगमंचावर चढला आणि ‘खेळ-तियात्र’ म्हणून तिकिटावर चालू लागला. २००९ मध्ये तियात्र अकादमीची स्थापना झाली. मडगावच्या रवींद्र भवनातील मोठ्या सभागृहाला ‘पाय तियात्रिस्त’ हे नाव आहे. गोव्यात आजही उपासकाळात तियात्रांचे प्रयोग थंडावतात आणि नवे तियात्र पास्काच्या मुहूर्तावर उघडते. सरकारने असा नियम केलेला नाही.

१७ एप्रिल हा दिवस तियात्र दिन म्हणून पाळला जातो, परंतु पास्काचा सण चांद्रगणनेने फिरता असल्यामुळे तिथी आणि सण यांची भेट क्वचितच होते. १८९२ नंतर ती १९२७, १९३८, १९४९ आणि १९६० साली झाली. मग बासष्ट वर्षे नाही. २०२२ साली ती पुन्हा झाली. यापुढची भेट २०३३ मध्ये आहे.